‘आधीच पोरं भांडतात, त्यांना अजून ठोसे मारायला शिकवतोस?’

पत्र:

ताई, नमस्कार. मी पुण्यात हडपसरच्या बाजूला एका वस्तीत राहतो, वय २८, गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. कॉलेजला असताना युनिव्हर्सिटी लेव्हलपर्यंत बॉक्सिंग खेळलो, मग वडील गेले आणि खेळ सुटला. आमच्याकडची पोरं संध्याकाळी चौकात बसून असतात, कोयते घेऊन रील काढतात, दोघा-तिघांवर केसेस पण झाल्यात. दिवाळीनंतर मी महापालिकेच्या शाळेमागच्या ग्राउंडवर जुने ग्लोव्ह्ज घेऊन चार पोरांना शिकवायला लागलो, आता वीस-पंचवीस येतात. पण आता त्रास पण सुरू झालाय. शेजारच्या काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, आधीच पोरं भांडतात, त्यांना अजून ठोसे मारायला शिकवतोस, उद्या कुणाचं डोकं फुटलं तर तू येणारेस का? सोळा वर्षांचा एक मुलगा आहे, मारामारीची केस चालू आहे त्याच्यावर, तोच सगळ्यात रेग्युलर येतो, पण बाकीच्यांचे आईवडील म्हणतात त्याला काढ नाहीतर आमची पोरं पाठवणार नाही. इलेक्शनला इच्छुक असलेले एक भाऊ ग्लोव्ह्ज, बॅग, टी-शर्ट सगळं द्यायला तयार आहेत. चार-पाच पोरी पण विचारतायत. आणि खरं सांगू का, मलाच कधीकधी वाटतं काकूंचं बरोबर असेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर:

दिवसभर गोडाऊनमध्ये उभं राहून संध्याकाळी पाठ टेकायच्या ऐवजी तू ग्राउंडवर जातोस, याबद्दल आधी तुला मनापासून शाबासकी देते आणि मग तुझ्या प्रश्नांकडे येते. मी समुपदेशनाचं काम करते, निरीक्षणगृहातल्या पोरांशी पण खूप बोलले आहे, आणि त्यांच्या कहाण्या वेगवेगळ्या असल्या तरी संध्याकाळी सहा ते नऊ ही वेळ जवळपास सगळ्यांच्या कहाणीत सारखीच असते. आई चार घरची धुणीभांडी उरकून अजून परतलेली नसते, बाप सिक्युरिटीच्या नाईटला निघालेला असतो, दहा बाय दहाच्या खोलीत धाकटी भावंडं आणि टीव्ही, मग पोरगा चौकात जातो, आणि चौकात त्याला बसायला जागा मिळते, कुणीतरी चहा पाजतं, कुणीतरी ‘काय भाई’ म्हणतं, एवढंच हवं असतं त्या वयात. तू नेमक्या त्याच वेळेत दुसरी जागा उघडलीस. ती बंद करू नकोस, हे माझं उत्तर आहे. पण कशी चालवायची यावर मला बरंच बोलायचंय, कारण काकू जे म्हणतायत ते अगदीच खोटं नाहीये.

नॉर्वेमध्ये एक अभ्यास झाला होता, २००५ साली तो प्रसिद्ध झाला. बॉक्सिंग, वेटलिफ्टिंग, कुस्ती, कराटेसारखे खेळ खेळणाऱ्या किशोरवयीन मुलांकडे दोन वर्षं लक्ष ठेवलं, आणि दिसलं काय तर या मुलांचं मारामारी, दमदाटी, बाहेर उचापती करणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. अभ्यास करणाऱ्यांना संशय आला तो तालमीतल्या वातावरणाचा, म्हणजे तिथे मर्दानगीच्या ज्या गप्पा चालतात, कुणाला मान मिळतो, कशावर टाळ्या पडतात त्याचा. आपल्याकडे पण बघ ना, एखाद्या जिममध्ये शिरलं की दहा मिनिटांत कळतं तिथे भाई कोण आहे आणि बाकीचे कुणासारखं व्हायला बघतायत. असल्या ठिकाणी पोराचा हात फक्त जड होतो. म्हणून तुला शंका येते ती चांगली गोष्ट आहे, ती शंका जिवंत ठेव.

आता दुसरी बाजू पण सांगते. ब्राझीलमध्ये रिओ शहरात मारे नावाची झोपडपट्ट्यांची मोठी वसाहत आहे, ड्रग्जच्या टोळ्यांच्या ताब्यातली, बारा-तेरा वर्षांच्या पोरांच्या हातात तिथे बंदुका असतात. तिथे २००० साली ल्यूक डाऊडनी नावाच्या माणसानं, जो स्वतः आधी हौशी बॉक्सर होता, ‘फाइट फॉर पीस’ नावाचं काम सुरू केलं. बॉक्सिंग शिकवायचं, पण त्याच छताखाली शाळेचा अभ्यास, नोकरीची तयारी, अडचणीत आधार द्यायला माणसं आणि पोरांनाच काही निर्णय घ्यायला लावणं हे सगळं. पुढे २००७ मध्ये त्यांनी लंडनमध्ये पण केंद्र काढलं. इंग्लंडमधल्याच ब्रिस्टलमध्ये एम्पायर फायटिंग चान्स नावाची संस्था आहे, ते लोक तर पोरांना एकमेकांना मारूच देत नाहीत, बॅग, पॅड आणि सोबत मानसिक आधाराचं बोलणं. आपल्या नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉलमधून जोडलं, खेळ वेगळा पण मार्ग हाच. या सगळ्या ठिकाणी खेळाच्या ओढीनं पोरं येतात आणि पोरं आल्यावर खरं काम सुरू होतं. नॉर्वेतल्या पोरांना फक्त खेळ मिळाला होता. तर काकूंना उत्तर द्यायचं असेल तर ते तुझ्या ग्राउंडवर ठोशांच्या आधी आणि ठोशांच्या नंतर काय चालतं त्यातून मिळेल, तोंडानं वाद घालत बसू नकोस.

काकूंचा दुसरा मुद्दा डोक्याचा, आणि तिथे मी पूर्ण त्यांच्या बाजूने आहे. अमेरिका आणि कॅनडा इथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०११ मध्ये एकत्र निवेदन काढून मुलांनी बॉक्सिंग खेळण्यालाच विरोध केला, कारण बाकीच्या खेळांत डोक्याला लागतं ते चुकून आणि इथे मुद्दाम मारतात. तू खेळलायस, तुला हे ऐकायला आवडणार नाही, पण तुझ्याकडे डॉक्टर नाही, रिंग नाही, हेडगार्ड असले तरी एक-दोन, आणि हेडगार्डनं कातडी फुटायची वाचते, आतला मेंदू हलायचा तो हलतोच. म्हणून स्पॅरिंग, म्हणजे दोघांनी समोरासमोर उभं राहून एकमेकांना ठोसे मारायचा सराव, बंद. अगदी बंद. पोरं मागे लागतील, सर एकदा होऊन जाऊ दे म्हणतील, मोबाईलवर शूट करायला तर टपलेलीच असतात, तरी नाही म्हणजे नाही. दोरीच्या उड्या, शॅडो म्हणजे हवेतले ठोसे, फूटवर्क, बॅग, पॅड, एवढ्यात वर्षभराचं काम आहे हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ज्यांना खरंच स्पर्धा खेळायचीय त्यांना जिल्हा संघटनेच्या कोचकडे पाठव, तिथे वयोगट असतो, वजनगट असतो, मेडिकल होतं. आणि तरीही कुणाला पडून-धडपडून डोक्याला लागलं, नंतर तो गोंधळल्यासारखा वागला, उलटी झाली, डोकं दुखतंय म्हणाला, तर त्या दिवशी त्याचा सराव संपला, एकट्याला घरी सोडायचं नाही, डॉक्टरकडे न्यायचं, आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत परत उभं करायचं नाही. हे घरच्यांना आधीच सांगून ठेव. काकूंना पण सांग.

सामानाचं थोडक्यात. बॅग विकत घ्यायला पैसे नसतील तर कॅनव्हासची शिवून घे आणि आत कापडाच्या चिंध्या ठासून भर, वाळू भरू नकोस, वाळू खाली बसून दगड होते आणि पोरांची मनगटं जातात. ग्लोव्ह्ज सगळ्यांत मिळून वापरले तरी चालतील, पण बँडेज, म्हणजे ग्लोव्ह्जच्या आत हाताला गुंडाळायची पट्टी, प्रत्येकाचं स्वतःचं हवं, नाहीतर एकाचं गजकर्ण पंधरा जणांना होतं. आणि बँडेज बांधायला शिकवण्यात घाई करू नकोस. अंगठ्यात लूप अडकवून मनगटाला तीन वेढे, मग मुठीच्या हाडांवरून, मग एकेका बोटाच्या मधून, परत मनगट. पाच मिनिटं लागतात, पोरगं मान खाली घालून बसलेलं असतं, आणि त्या पाच मिनिटांत तू सहज विचारलंस की काय रे, आज जेवलास का, तर खरं उत्तर मिळतं. समोर खुर्चीवर बसवून विचारलं की ‘हां, ठीक आहे’ एवढंच येतं, हा माझ्या कामातला रोजचा अनुभव आहे. सुरुवातीला पोरांनी एकमेकांचं बँडेज बांधायचं असा नियमच कर, त्यातही ज्या दोघांचं पटत नाही त्यांची जोडी लाव.

जेवणावरून आठवलं, रिकाम्या पोटी सराव करून चक्कर येणारी पोरं तुझ्याकडे असणारच. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, उकडलेले चणे, मोड आलेली मटकी, जमलं तर एक अंडं. मंडळाच्या वर्गणीतून हे सहज होण्यासारखं आहे. प्रोटीन पावडरच्या नादाला कुणाला लागू देऊ नकोस. आणि मेफेंटरमाइनच्या इंजेक्शनवर बारीक नजर ठेव, ऑपरेशनच्या वेळी बीपी पडलं तर द्यायचं औषध आहे ते, पण स्टॅमिना वाढतो म्हणून पोरांना चोरून विकतात, आपल्याकडे पोलिसांनी त्यात धरपकडी पण केल्यात. पोरगा अचानक दुप्पट राऊंड मारायला लागला, झोप येत नाही म्हणाला, चिडचिडा झाला, तर आधी हा संशय घे.

आता ठोशांच्या नंतरचं. सराव दीड तासाचा असेल तर शेवटची वीस मिनिटं गोल करून बसा, घाम पुसत, पाणी पीत. भाषण देऊ नकोस प्लीज. एक खेळ सांगते, शिकागोच्या शाळांमधला आहे, तिथे मुलांसोबत काम करणारे लोक हा खेळ घेतात. दोघांची जोडी करायची, एकाच्या मुठीत बॉल द्यायचा आणि दुसऱ्याला सांगायचं, अर्ध्या मिनिटात तो बॉल घ्यायचा. बस, एवढंच सांगायचं. पोरं तुटून पडतात, बोटं पिरगाळतात, लोळतात. मग विचारायचं, तुमच्यातल्या किती जणांनी ‘दे ना मला’ असं म्हटलं? कुणीच नाही. का नाही म्हटलं? मग उत्तरं येतात, मागितलं असतं तर तो मला येडा समजला असता, कमजोर समजला असता. आणि ज्याच्या हातात बॉल होता त्याला विचारायचं, मागितला असता तर दिला असता का? तो खांदे उडवून म्हणतो, दिला असता की, बॉल तर आहे. तिथून पुढे चौकातल्या भांडणांवर बोलायला पोरं आपणहून सुरुवात करतात, ‘बघतो काय’ एवढ्यावरून कोयता निघतो तो का निघतो, स्टेटसला काय टाकलं म्हणून राडा झाला वगैरे. शिकागोत २००९-१० साली अशा गटातल्या गप्पा आणि जोडीला बॉक्सिंग, कुस्ती, तिरंदाजीसारखे खेळ असा कार्यक्रम १८ शाळांमध्ये झाला, आणि चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवड करून तो तपासला गेला. त्या वर्षात कार्यक्रमातल्या पोरांच्या हिंसक गुन्ह्यांसाठी होणाऱ्या अटका जवळपास निम्म्यावर आल्या. कार्यक्रम संपला तसा अटकांमधला फरक मात्र पुसला गेला, शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण तेवढं वाढलेलं राहिलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण तुझ्या वस्तीत याआधी पण कुणी ना कुणी दोन महिने शिकवून, फोटो काढून गेलेलं असणार, आणि पोरं ते विसरत नाहीत.

म्हणून एकट्यानं करू नकोस. तुझी शिफ्ट बदलेल, घरी कुणी आजारी पडेल, उद्या लग्न होईल. ज्या दिवशी तू नसशील त्या दिवशी पण ठरलेल्या वेळेला ग्राउंडवर कुणीतरी मोठं माणूस उभं पाहिजे, बॉक्सिंग येत नसलं तरी चालेल, पळायला लावेल, हजेरी घेईल, एवढं बास. आठवड्याचे सहा दिवस झेपत नसतील तर चारच ठेव, पण ते चार चुकवू नकोस. शाळेच्या मुख्याध्यापकांकडून आणि महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयातून ग्राउंडची लेखी परवानगी घे, प्रत्येक पोराच्या पालकाची सही असलेलं संमतीपत्र घे, हजेरीची वही ठेव. वही तुला वाटते त्यापेक्षा जास्त उपयोगी आहे, ते पुढे सांगते. आणि वहीतच लिही कोण कितवीला आहे आणि कुणाची शाळा सुटलीय. दहावी राहिलेल्या पोराला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं, हे तुला माहीत असेल पण त्याच्या आईला नसतं, आणि त्याची मुदत शाळा सुरू झाल्यावर थोड्या महिन्यांत निघून जाते. तो फॉर्म भरायला सोबत गेलास ना, तर ते शंभर पुशअप्सपेक्षा जास्त कामाचं आहे. मोठ्या पोरांना पोलीस भरतीचं वेड असतंच, तर त्यांची पळायची बॅच याच्यातच घे, १६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक मिळून ५० मार्कांची मैदानी आहे, ज्याला ठोशात रस नाही तो यासाठी येईल. आणि भरतीचं स्वप्न असलेल्या पोराला चारित्र्य पडताळणी म्हणजे काय हे एकदा नीट समजावलं की कोयत्याच्या रीलकडे तो जरा वेगळ्या नजरेनं बघतो.

आता त्या सोळा वर्षांच्या मुलाबद्दल. काढू नकोस. सगळ्यात रेग्युलर तोच येतो असं तू लिहिलंयस, म्हणजे ज्याच्यासाठी हे सगळं सुरू केलंस तोच समोर आलाय. बाकीच्या पालकांना घाबरायचा हक्क आहे, त्यांच्यावर चिडू नकोस, घरोघरी जाऊन सांग की स्पॅरिंग होत नाही, दोन मोठी माणसं हजर असतात, आणि नियम सगळ्यांना एकच आहे: ग्राउंडच्या बाहेर कुणावर हात उचलला तर काही आठवडे बॅगला हात लावायचा नाही, पण यायचं रोज, पळायचं, झाडू मारायचा, गोलात बसायचं. बाहेर काढायचं नाही, हा त्यातला महत्त्वाचा भाग आहे, कारण बाहेर काढलेला पोरगा कुठे जाणार हे तुला माहीत आहे. त्याची केस व्हॉट्सॲप ग्रुपवर चघळू देऊ नकोस, अल्पवयीन मुलाची ओळख प्रसिद्ध करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं बंदी आहे. आणि त्याच कायद्याप्रमाणे त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळासमोर असेल, तिथे परिविक्षा अधिकारी असतो, तो मुलाच्या घरची, शाळेची, संगतीची माहिती घेऊन अहवाल देतो. तर आईला सोबत घेऊन त्या अधिकाऱ्याला भेट आणि वहीतली हजेरी दाखव, हा मुलगा दिवाळीपासून इतके दिवस आलाय, असा वागतो, मी इतकं करायला तयार आहे, हे लेखी दे. मंडळ समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली घरी ठेवणं असे आदेश देऊ शकतं, तेव्हा असा जबाबदार माणूस समोर दिसणं फार महत्त्वाचं ठरतं. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, मोफत मिळतो. बहुतेक प्रकरणांत अशा जुन्या नोंदीमुळे मुलाला पुढे अपात्र धरता येत नाही, कायद्यानंच त्याला नवी सुरुवात द्यायचं ठरवलंय. हे त्याला पण सांग, कारण ‘माझं तर आता वाटोळं झालंय’ हे या पोरांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं आणि मग ती कशालाच घाबरत नाहीत.

इच्छुक भाऊंचं. माझं मत विचारतोस तर इलेक्शन होईपर्यंत एक टी-शर्ट पण घेऊ नकोस. ग्लोव्ह्ज फुकट येत नाहीत, आज फोटो, उद्या फ्लेक्सवर पोरांचे चेहरे, परवा रॅलीला पंचवीस पोरं पाठव, आणि समोरच्या गटाच्या घरातली पोरं दुसऱ्या दिवसापासून यायची बंद. ज्या पोरांना ‘पोरं’ म्हणून वापरलं जातंय म्हणून तू त्यांना चौकातून उठवलंस, त्यांना परत तिकडेच कशाला नेऊन बसवतोस? अगदी गोड बोलून सांग, भाऊ, ग्राउंडवर लाईट नाही, संडासाला दार नाही, पाण्याचा नळ नाही, तेवढं वॉर्डातून करून द्या, वस्ती नाव घेईल. ती सार्वजनिक सोय आहे, कुणाच्या उपकाराची नाही. सामानासाठी मंडळाची वर्गणी, तुझ्या कंपनीतले मित्र, जुने बॉक्सर यांच्याकडे माग, पावती दे, हिशोब बोर्डवर लाव. आधीच नोंदणी असलेलं मंडळ किंवा व्यायामशाळा सोबत यायला तयार असेल तर नवीन संस्था काढायच्या भानगडीत सध्या पडू नकोस.

पोरींना हो म्हण, लगेच म्हण. नांदेडच्या पलीकडच्या निझामाबादची निखत झरीन २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ वर्ल्ड चॅम्पियन झाली, मणिपूरच्या मेरी कोमचे आईवडील दुसऱ्याच्या शेतात राबायचे आणि ती सहा वेळा झाली, कोलकात्याच्या खिदिरपूरमध्ये गरीब मुस्लिम घरांतल्या पोरी कित्येक वर्षांपासून बॉक्सिंग शिकतायत, तेव्हा हे आपल्या पोरींना जमेल का हा प्रश्नच नाही. पण चार-पाच जणींना पंचवीस पोरांच्या मध्ये उभं करू नकोस. त्यांची वेळ आधी ठेव, उजेड असताना, आणि एक बाई कायम हजर पाहिजे, कुणाची आई असेल, अंगणवाडीच्या ताई असतील, कुणीही. आयांना बसून बघू दे. पॅड धरताना, स्टान्स दुरुस्त करताना हात लावायच्या आधी विचारायचं, एकट्या मुलीला थांबवून घ्यायचं नाही, वैयक्तिक मेसेज नाही, जे काही सांगायचं ते आई ज्यात आहे त्या ग्रुपवर. पोरांच्या बाबतीत पण हेच सगळे नियम, पोरांवर पण अत्याचार होतात आणि ती कुणाला सांगत नाहीत. मदतीला जे दुसरे शिकवणारे येतील त्यांची चौकशी केल्याशिवाय त्यांना पोरांजवळ जाऊ देऊ नकोस. एखाद्या मुलानं किंवा मुलीनं घरातलं, बाहेरचं काही भयंकर सांगितलं तर स्वतः मिटवायला जाऊ नकोस, १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन कर. लैंगिक अत्याचाराची गोष्ट असेल तर पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवणं तुझ्यावर बंधनकारकच आहे.

एक गोष्ट तू लिहिली नाहीस पण तुझ्या पत्रात मला ती दिसली. तुझा खेळ मध्येच सुटला, आणि या पंचवीसमधला एखादा तरी पुढे जावा असं तुला वाटत असणार. वाटणारच रे, त्यात गैर काही नाही. बॉक्सर डिंग्को सिंग अनाथाश्रमात वाढला आणि १९९८ च्या बँकॉक एशियन गेम्सचं गोल्ड घेऊन आला, विजेंदर भिवानीजवळच्या गावातल्या बस ड्रायव्हरचा मुलगा. असा कुणी सापडला तर पुण्यात तुझ्याइतकं कुणाचं नशीब नाही, बालेवाडीचं क्रीडासंकुल आहे, आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूट आहे, लहान वयाच्या पोरांसाठी बॉईज स्पोर्ट्स कंपनी आहे, राज्याची क्रीडा प्रबोधिनी आहे, शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडून होतात. त्याला तिकडे पोचव. फक्त बाकीच्या चोवीस जणांना हे जाणवू देऊ नकोस की सरांचा जीव त्या एकात अडकलाय. हजेरीला ज्याचं नाव घेताना तू मान वर करून बघतोस, त्याचीच बाकीचे नक्कल करतात. मग तो जोरात मारणारा असावा की वेळेवर येऊन धाकट्यांचं बँडेज बांधणारा असावा, हे तुझ्याच हातात आहे, आणि नॉर्वेतल्या पोरांचं जे झालं ते माझ्या मते इथेच टळतं.

काकूंकडे या रविवारी जा. वाद घालायला नाही, बोलवायला जा. संध्याकाळी एकदा येऊन शेवटची वीस मिनिटं बसा म्हण, आणि पोरींच्या बॅचला हजर राहायला बाई हवीय तेही विचार, सगळ्यांसमोर स्पष्ट बोलणारी बाई तुला तिथे हवीच आहे. नाही म्हणाल्या तर दुसरी बघ. त्याआधी स्पॅरिंग बंद केल्याचं पोरांना उद्याच सांगून टाक, आणि त्या मुलाची पुढची तारीख कधी आहे ते त्याच्या आईला विचारून घे, कारण परिविक्षा अधिकाऱ्याची भेट तारखेच्या आधी व्हायला हवी. तिथे काय झालं ते मला कळव.